तिला आत्ता कळवू नका

आजारी माणसाच्या खाटेभोवती जमलेल्या आप्तांच्या तोंडून एक वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आले आहे. आवाज खाली आणून, दाराकडे एकवार पाहून ते उच्चारले जाते: “त्याला आत्ता काही कळवू नका, त्याची परीक्षा आहे.” परीक्षेच्या जागी कधी नोकरीची मुलाखत येते, कधी परदेशातला प्रबंध. त्यामागे माया असते, याविषयी मला कधीच शंका वाटली नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले, माझ्याच घरात. म्हणून आज रक्तदाब आणि मधुमेह बाजूला ठेवून एक घरगुती हकीकत आपल्यापुढे मांडते.

सांगलीत आमचे चौघांचे कुटुंब. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, बँकेतून निवृत्त झालेले यजमान, मी, आणि पवईच्या आयआयटीत पीएच.डी. करणारी आमची एकुलती एक लेक. तिचे ते चौथे वर्ष होते. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे अशा संस्थांमध्ये शिकत असतील आणि ‘हे शिक्षण संपते तरी कधी?’ हा प्रश्न आपल्यालाही पडत असेल. सासूबाईंना तो दर रविवारी पडे. त्यांच्या मैत्रिणींच्या नाती एव्हाना दोन-दोन लेकरांच्या आया झालेल्या. “बारावी झाली, बी.टेक. झालं, एम.टेक. झालं. आता आणखी काय राहिलं गं शिकायचं?” असे त्या विचारीत, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचे उत्तर नीट देता येत नसे.

याचे कारण माझ्या स्वतःच्या शिक्षणात आहे. एमबीबीएसच्या वर्षांत आम्ही रात्र-रात्र जागलो, हाडांची नावे पाठ केली, तोंडी परीक्षेत थरथरलो. पण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठल्या ना कुठल्या पुस्तकात छापलेले होते. ते शोधायचे, घोटायचे आणि वेळेवर आठवायचे, एवढेच आमचे काम. संशोधक विद्यार्थ्याच्या पुढ्यातला प्रश्न असा असतो की त्याचे उत्तर अजून कोणीच लिहिलेले नाही. मार्गदर्शकालाही ते ठाऊक नसते. हा फरक लेकीच्या पहिल्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत माझ्या ध्यानात आला नव्हता.

ही संस्था १९५८ साली सुरू झाली. युनेस्कोच्या मार्फत तत्कालीन सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ पुरवले, आणि १९५९च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. एका अंगाला पवईचा तलाव, दुसऱ्या अंगाला विहारचा, आणि पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे रान. त्यामुळे आवारात अधूनमधून बिबट्या दिसतो. (ही माहिती लेकीने आजीला सांगितली नाही. मी सांगितली, आणि पस्तावले.) वसतिगृहांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. मेसच्या जेवणाबद्दल तक्रार करणे हा तिथला नित्यनेम आहे, तो आमच्याही काळी होता. पण रात्री साडेअकराला जेव्हा आम्ही त्या इमारतीखालून गेलो, तेव्हा निम्म्या खिडक्यांत दिवे होते. परीक्षा जवळ नव्हती. सुट्टी होती.

लेकीचे काम हाडांच्या पेशींवर चालते. मोडलेले हाड आपणहून जुळते हे आपण जाणताच, पण मोठा तुकडाच नाहीसा झाला तर ती पोकळी भरून निघत नाही. तिथे बसवता येईल असा एक सच्छिद्र साचा तयार करायचा आणि त्यावर हाड निर्माण करणाऱ्या पेशी रुजतात का, हे पाहायचे. या पेशी एका उबदार पेटीत ठेवतात. आत ३७ अंश सेल्सियस तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. थोडक्यात, माणसाच्या शरीराची नक्कल. पेशींचे अन्न म्हणजे गुलाबीसर लाल रंगाचा एक द्रव, त्याला माध्यम म्हणतात. दर दोन-तीन दिवसांनी जुना द्रव काढून ताजा घालावा लागतो. असे तीन-चार आठवडे सांभाळल्यावर कॅल्शियम साठू लागले का, हे ॲलिझरिन नावाच्या लाल रंगाने तपासतात. या काळात कुठूनही जंतू शिरले, तर द्रव पिवळा आणि गढूळ होतो, आणि सारे फेकून देऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

“म्हणजे रविवारीही जावं लागतं?” मी विचारले होते.

“पेशींना रविवार नसतो, आई,” ती म्हणाली.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, वेळेवर औषध, वेळेवर नळीतून अन्न, आणि हे सारे करूनही हाती काय लागणार याची शाश्वती नाही. आपण सुश्रूषा करणारी माणसे आणि ती रात्री जागणारी मुले, यांच्यात मला त्या दिवसापासून एक नाते दिसू लागले. फरक असलाच तर हा की, आपल्याला निदान शेजारीपाजारी विचारतात.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न असे, “एवढं करून उपयोग काय?” त्याचे उत्तर मात्र मला लवकरच सापडले. याच संस्थेत आणि टाटा स्मारक रुग्णालयात मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी पेशी उपचारपद्धती विकसित झाली. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्कपेशी ओळखता येईल असा बदल प्रयोगशाळेत त्यांच्यात घडवायचा आणि वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असे तिचे स्वरूप आहे. २०२१च्या जूनमध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्याला परवानगी मिळाली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईतच तो देशाला अर्पण झाला. परदेशात या उपचाराला कोट्यवधी रुपये पडतात. इथे खर्च त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आला आहे. तोही सामान्य घराला झेपणारा नाही, हे मी लपवत नाही, आणि तो प्रत्येक कर्करोगावर चालतो असाही कुणी समज करून घेऊ नये. पण परवानगी मिळण्याआधीची जी वर्षे गेली, त्यांत कितीतरी मुलांनी रविवारी जाऊन पेशींचे माध्यम बदलले असेल. माझ्यासारखी डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचे नाव दोन सेकंदांत लिहिते. त्या दोन सेकंदांमागे कुणाची वर्षे उभी असतात, हे मी वयाच्या पन्नाशीनंतर शिकले.

आता मूळ हकीकतीकडे वळते.

जुलैच्या अखेरीस एका पहाटे साडेतीनच्या सुमारास सासूबाई न्हाणीघराकडे जायला उठल्या. दिवा लावला तर आम्हाला जाग येईल म्हणून त्यांनी तो लावला नाही. धप्प असा आवाज आला आणि मी धावले. टॉर्चच्या उजेडात त्यांचा डावा पाय दिसला: उजव्यापेक्षा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला. क्ष-किरण चित्राची वाट पाहावीच लागली नाही. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. वृद्धांच्या या अस्थिभंगात शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत, तितके चांगले, कारण पडून राहण्याने न्यूमोनिया, पायातल्या शिरांत गुठळ्या, पाठीला जखमा अशी संकटांची रांग लागते. दुसऱ्याच दिवशी खुब्याच्या सांध्याचा अर्धा भाग बदलण्यात आला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभेही केले.

लेकीचा वार्षिक प्रगती-परिसंवाद नऊ दिवसांवर आला होता. वर्षभरात काय केले हे समितीपुढे मांडायचे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, असा हा सोपस्कार दरवर्षी असतो. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर यजमानांनी मोबाईल हातात घेतला, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “तिला आत्ता कळवू नका.”

हे मी म्हणाले याची लाज वाटण्याचे आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला. मुलगा परदेशी विद्यापीठात प्रबंध लिहीत होता. घरच्यांनी त्याला चार दिवस कळवले नाही, आणि पाचव्या दिवशी कळवावे लागले ते सारे संपल्यावर. तो मुलगा नंतर माझ्या दवाखान्यात आला. रुग्णांची रांग होती, तरी तो शांतपणे आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहिला. आत येऊन त्याने एकच विचारले, “डॉक्टर, त्या चार दिवसांत बाबा शुद्धीवर होते का?” होते. ते बोलत होते, चहा मागत होते. मी खरे तेच सांगितले. त्याने मान हलवली, तपासणीची फी टेबलावर ठेवली आणि तो गेला. ती परत करायलाही मला सुचले नाही. एवढे पाहूनही मी यजमानांचा हात धरला होता. वैद्यकीय पदवीने माणूस स्वतःच्या घरात शहाणा होतोच असे नाही.

तिसऱ्या रात्री सासूबाईंचे भान हरपले. चादरीचे धागे उपटू लागल्या. रुग्णालय म्हणजे त्यांना मिरजेचे माहेरचे घर वाटू लागले, परिचारिका त्यांची मेलेली नणंद. मध्येच किंचाळून “चिमणे, चिमणे” अशा हाका मारीत. चिमणी म्हणजे आमची लेक. यजमान हादरले. आईला वेड लागले, आता ती परत येत नाही, असे त्यांना वाटले. आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या वृद्धाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशा रात्री काढल्या आहेत, त्यांना सांगते की हा स्मृतिभ्रंश नव्हे. याला डेलिरियम किंवा संभ्रमावस्था म्हणतात. ती अचानक येते, दिवसा ओसरते, रात्री उसळते, आणि तिच्यामागे बहुधा काहीतरी सापडते. वेदना, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, एखादे नवे औषध, रक्तातले क्षार. सासूबाईंच्या रक्तातले सोडियम घसरलेले निघाले आणि ते हळूहळू पूर्ववत करण्याचे उपचार सुरू झाले.

तो दिवस रविवार होता. रविवारी आजी-नातीचे बोलणे ठरलेले असते. सकाळी यजमानांनी “आजी झोपलीय” असे सांगितले. दुपारी मी “देवळात गेल्यात” असे सांगितले. संध्याकाळी आम्ही फोन उचललाच नाही. एका बाजूला शास्त्र शिकणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला आमची ही असली उत्तरे. तिने शेजारच्या काकूंना फोन लावला. काकू बिचाऱ्या खोटे बोलू शकल्या नाहीत.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने ती पहाटे सांगलीला उतरली आणि पाठीवरच्या सॅकसकट थेट रुग्णालयात आली. माझ्याशी बोलली नाही. आजीजवळ जाऊन तिने दोन मिनिटे नुसते पाहिले, आणि मग विचारले, “आजीचा चष्मा कुठंय? कानातलं यंत्र?”

ते दोन्ही घरी कपाटात होते. रुग्णालयात जाताना वृद्धांचा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत न्या, नाहीतर त्यांना ना दिसते, ना ऐकू येते, आणि संभ्रम वाढतो, हे मी किती नातेवाइकांना सांगितले असेल याची गणती नाही. यजमान स्कूटरवरून ते घेऊन आले. लेकीने खिडकीचा पडदा सारला, कानात यंत्र बसवले, चष्मा लावला, आणि आजीचा हात हातात घेऊन म्हणाली, “आजी, मी आले. आज सोमवार. आपण सांगलीत आहोत. तुझा पाय मोडला होता, तो आता नीट केलाय.” सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “किती वाळलीस गं.” त्यानंतरच्याही दोन रात्री वाईट गेल्या. एका भेटीने चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. सोडियमचाही त्यात वाटा होता. पण ओळखीचा आवाज हाही उपचारच आहे, आणि तो मी तीन दिवस अडवून ठेवला होता.

दुपारी रुग्णालयाच्या जिन्याखाली चहा घेताना ती बोलली. “तू तुझ्या पेशंटच्या नातेवाइकांना सगळं खरं सांगतेस ना? मग मी कोण होते?” मी परिसंवादाचे कारण सांगितले. तिने सकाळी गाडीतूनच मार्गदर्शकांना कळवले होते, आणि त्यांनी उत्तर दिले होते की परिसंवाद पंधरा दिवस पुढे घेऊ, घरचे पाहा. तो पुढे ढकलता येतो, हे मला ठाऊकच नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, “मीही तुला एक सांगितलं नाही. जूनमध्ये माझ्या सगळ्या पेशी गेल्या. बुरशी शिरली. तीन महिन्यांचं काम फेकून दिलं. आजीचं बीपी वाढेल म्हणून बोलले नाही.” त्या महिन्यात तिला नीट झोप लागत नव्हती. मेसमध्ये जाणे तिने सोडले होते. आमचे फोन लवकर संपत, ते कामाच्या गडबडीमुळे असे मी धरून चालले होते. माझ्या दवाखान्यात एखाद्या आईने मुलीची ही लक्षणे सांगितली असती, तर मी तिला समोर बसवून आणखी दहा प्रश्न विचारले असते.

“आणि आत्ता कोण पाहतंय?” मी विचारले.

“लॅबमधला एक मित्र. मी त्याच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या पेशी सांभाळल्या होत्या.”

अशी अदलाबदल आपल्या घरांत का होत नाही, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. आईची सेवा करणारी सून वर्षानुवर्षे गावाला जात नाही, कारण चार दिवस तिची जागा घेणारे कुणी नसते, आणि ती तसे मागतही नाही.

त्या प्रसंगानंतर दवाखान्यात ते जुने वाक्य कानावर आले की मी लेखणी खाली ठेवते. दूर शिकणाऱ्या मुलाला त्याच दिवशी कळवा, असे सांगते. काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय होणार आहे, हे साध्या शब्दांत सांगावे, आणि आपल्याला त्याच्याकडून काय हवे आहे तेही स्पष्ट सांगावे. ‘तू ये’ किंवा ‘आत्ता येऊ नकोस, उद्या सकाळी आठला मी पुन्हा फोन करते’, यांपैकी काहीतरी एक. ‘काळजी करू नकोस’ एवढेच सांगून फोन ठेवला, तर पोर रात्रभर काळजीच करते. शक्य असेल तर रुग्णाचा आवाज ऐकवावा. येण्या-न येण्याचा निर्णय सज्ञान मुलांना घेऊ द्यावा. क्वचित तो चुकेल, पण तो त्यांचा असेल.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. ‘कधी संपणार’ आणि ‘लग्नाचं काय’ हे दोन प्रश्न काही दिवस बाजूला ठेवून ‘या आठवड्यात काय बिघडलं?’ असे विचारून पाहा. संशोधनात बहुतेक आठवडे काहीतरी बिघडतच असते, आणि पाच-सहा वर्षे लागणे तिथे नित्याचे आहे. पाठ्यवृत्तीही मिळते. कनिष्ठ संशोधक पाठ्यवृत्ती २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, तेव्हा पोर नुसते बसून खाते असे समजू नये. मात्र मूल जेवण टाळू लागले, झोप गेली, घरी यायला नको म्हणू लागले, ‘कशालाच अर्थ नाही’ असे बोलू लागले, तर ते थकव्यावर ढकलू नका. जगणे नकोसे वाटते का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. संस्थेच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायला सांगा, जमल्यास सोबत जा. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

सासूबाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर मिणमिणता दिवा असतो, भिंतीला धरायला दांडी बसवली आहे, आणि उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही, असा नियम आहे. तो त्या मी घरात असले की पाळतात. लेकीचा परिसंवाद झाला. समितीने एक प्रयोग पुन्हा करायला सांगितला. प्रबंध अजून व्हायचा आहे.

तिने आजीला फोनवर एकदा त्या पेशींचे चित्र दाखवले, सूक्ष्मदर्शकातले. तेव्हापासून रविवारी फोन लागला की सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जेवल्या का गं तुझ्या पेशी?” गेल्या रविवारी पलीकडून उत्तर आले, “अर्ध्या मेल्या, आजी.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या, “उरलेल्यांना घाल आधी. मग बोलू.”